जिल्ह्याच्या हद्दीत न मावणारी रेल्वे

‘आमच्या जिल्ह्यातील रेल्वेचा इतिहास’ हा विषय सिनॉप्सिससाठी फार सोयीचा वाटतो. आवाका आटोपशीर, जिल्हा ओळखीचा, गाइडही फारशी खळखळ न करता हो म्हणतात. तुमच्या मनात असा विषय घोळत असेल तर एक करा. या प्रकारचं लेखन जिथे सगळ्यात जास्त झालंय, त्या इंग्लंडमधलं थोडं आधी वाचा. त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आणि एक मोठी खोटही आहे, जी आपण न तपासता उचलतो. हा लेख त्या खोटीबद्दल आहे.

इंग्लंडमध्ये ‘काउंटी’ म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. काउंटीनिहाय इतिहास लिहिण्याची तिथे जुनी सवय आहे. ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ हा प्रकल्प १८९९मध्ये सुरू झाला आणि अजून पुरा झालेला नाही, यावरून चिकाटीचा अंदाज करा. रेल्वेपुरतं बोलायचं तर ‘डेव्हिड अँड चार्ल्स’ या प्रकाशनाने १९६०पासून ब्रिटनच्या रेल्वेचा प्रादेशिक इतिहास काढला. एकेका प्रदेशाचा एकेक खंड, असे पंधरा खंड. याशिवाय एकेका लहान लाइनवर हौशी अभ्यासकांनी लिहिलेली पुस्तकं किती आहेत, त्याची गणतीच नाही. पाच-सात मैलांच्या लाइनवर दोनशे पानं सहज सापडतात.

ही पुस्तकं कमअस्सल समजू नका. कोणतं इंजिन कोणत्या कारखान्यात कोणत्या साली बनलं, सिग्नल कुठे होता, वेळापत्रकात कधी काय बदललं, याबाबत ही मंडळी विद्यापीठातल्या लोकांपेक्षा काकणभर जास्तच काटेकोर असतात. पण यातली बरीच पुस्तकं रेल्वे बंद पडत असताना किंवा बंद पडल्यावर लिहिली गेली. १९६३च्या बीचिंग अहवालाने हजारो मैलांच्या लाइन बंद करण्याची शिफारस केली. त्या काळात लिहिणाऱ्याच्या मनात हळहळ असणारच. त्यामुळे पुस्तकाचा साचा मृत्युलेखाचा होतो. परवानगी, उद्घाटन, भरभराट, उतरती कळा, शेवटची गाडी, तिच्यावर वाहिलेली फुलं. लाइनचं एक आयुष्य असतं आणि ते आयुष्य त्या काउंटीत जगलं जातं, हे गृहीतच धरलेलं असतं.

खोट इथे आहे. काउंटीची हद्द ही कागदपत्रं कुठे ठेवली आहेत हे सांगते. रेल्वे तिथे का आली, हे ती सांगेलच असं नाही.

आता एक छोटं उदाहरण सावकाश बघू. मुद्दाम असं घेते, ज्याचं एक टोक सोलापूर जिल्ह्यात आहे.

स्टॅफर्डशर काउंटीच्या ईशान्य कोपऱ्यात लीक हे रेशमाच्या गिरण्यांचं गाव. तिथून थोडं पुढे वॉटरहाउसेस. वॉटरहाउसेसपासून ह्यूम एंडपर्यंत चुनखडीच्या डोंगरांतून ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ धावायची. सव्वाआठ मैल, अडीच फुटी नॅरोगेज. २७ जून १९०४ला सुरू, मार्च १९३४मध्ये बंद. म्हणजे तीस वर्षंही पुरी नाहीत. (मॅनिफोल्ड ही नदी, आणि तीही अशी की उन्हाळ्यात बराच अंतर जमिनीखालून वाहते.) पैशाच्या हिशेबात ही लाइन कधी भरभराटीला आली नाही. पण पिवळे डबे, डोक्यावर मोठा दिवा लावलेली दोन इंजिनं आणि सुंदर दरी, एवढ्या भांडवलावर तिने हौशी लोकांचं मन असं जिंकलं की लाइन जेवढी वर्षं चालली त्याच्या कितीतरी पट वर्षं लोक तिच्यावर लिहीत आहेत.

काउंटीच्या चौकटीत या लाइनची गोष्ट साधारण अशी सांगतात: एका दुर्गम दरीतल्या लोकांनी रेल्वे मागितली, ती मिळाली, प्रवासी आणि दूध तिने वाहिलं, मग मोटारी आल्या आणि ती मेली. यात खोटं काही नाही. पण तीन ‘का’ विचारा, तिन्हींची उत्तरं काउंटीबाहेर सापडतात.

पहिला का: लाइन ह्यूम एंडला का संपते? तिथे धड गावसुद्धा नाही. नकाशा बघितल्यावर उलगडतं. पुढे दोन मैलांवर हार्टिंग्टन आहे आणि मध्ये डव्ह नदी. डव्ह म्हणजे काउंटीची हद्द. हार्टिंग्टन शेजारच्या डर्बीशरमध्ये येतं. परवानगीच्या वेळी योजनेच्या नावातच लीक आणि कॉल्डन लोबरोबर हार्टिंग्टन होतं. ह्यूम एंड स्टेशनच्या पाटीवरही हार्टिंग्टनचं नाव असायचं. आणि डर्बीशरच्या बाजूने ‘लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न’ या बलाढ्य कंपनीची अ‍ॅशबोर्नची लाइन १८९९मध्ये सुरू झाली, तिच्यावर हार्टिंग्टनसाठी स्टेशनही होतं. म्हणजे लीकच्या व्यापाऱ्यांना भीती होती ती डोंगरापलीकडचा बाजार दुसऱ्या काउंटीकडे वळण्याची. स्पर्धा हद्दीपलीकडच्या लाइनशी होती. फक्त स्टॅफर्डशरचे कागद बघणाऱ्याला हा प्रतिस्पर्धी एका वाक्यात भेटतो आणि लाइन उगाचच भोळसट वाटायला लागते.

दुसरा का: ही लाइन इतकी ‘परदेशी’ का दिसायची? पुस्तकांत इंजिनांचं वर्णन करताना ‘वसाहतीतल्यासारखी’ असा शब्द येतो आणि लेखक पुढे सरकतो. पण हे दिसणं अपघाती नव्हतं. या लाइनचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा माणूस १८८२मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला हिंदुस्थानात आला. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मुख्य लाइनवर ‘बार्शी रोड’ नावाचं स्टेशन होतं, आजचं कुर्डुवाडी. बार्शी ही कापसाची मोठी पेठ तिथून एकवीस मैल आत. मधलं अंतर बैलगाड्यांचं. कॅलथ्रॉपने तिथे स्वस्त नॅरोगेजचं गणित मांडलं, पुढे लंडनला कंपनी काढली आणि १८९७मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली.

(‘बार्शी लाइट’ म्हटलं की आपल्याकडे संथपणाची थट्टा आठवते. यातला ‘लाइट’ म्हणजे दिवा नव्हे, हलकी.)

हे गणित काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ‘छोटी रेल्वे, म्हणून स्वस्त’ एवढंच लिहून बहुतेक पुस्तकं मोकळी होतात. रूळ किती जाड हवा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर सगळ्यात जास्त भार किती पडतो, त्यावर ठरतं. समजा इंजिनाच्या एका आसावर दहा टन आणि मालडब्याच्या आसावर तीन टन पडतात. तर रूळ दहा टनांसाठी टाकावा लागेल आणि उरलेल्या गाडीखाली तो रूळ बहुतांशी वायाच जाईल. कॅलथ्रॉपने ठरवलं की इंजिन असो, डबा असो, भरलेली वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, आणि शक्यतो सगळ्यांवर तेवढाच. मग यार्डाला फक्त तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो आणि त्याचा पुरेपूर वापर होतो. इंजिनाला ताकद हवी तर भार वाढवायचा नाही, चाकं वाढवायची. म्हणून बार्शीची किटसन कंपनीची इंजिनं तेवढी लांबलचक, अनेक चाकांची. मॅनिफोल्डची इंजिनं किटसनचीच. दोन्ही लाइनचा गेज अडीच फूट.

लाइन हुबेहूब उचलली होती असंही नाही. नॅरोगेज आणि मोठा गेज जिथे भेटतात तिथे माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागतो, आणि यात वेळ, मजुरी, नासधूस सगळंच आलं. मॅनिफोल्डवर कॅलथ्रॉपने मोठ्या गेजची आख्खी वाघीणच नॅरोगेजच्या वाहक गाडीवर चढवून नेण्याची सोय केली. ब्रिटनमधला हा पहिला प्रयोग. बार्शीला काय जमलं आणि काय सलत होतं, हे माहीत असलं की ही वाहक गाडी केवळ गंमत राहत नाही, एका जुन्या अडचणीचं उत्तर ठरते. हौशी पुस्तकांत तिचे फोटो आणि मापं मिळतात. प्रश्न कुठून आला, ते मिळत नाही.

तिसरा का: लाइन मेली का? ‘मोटारी आल्या’ हे उत्तर बरोबर आहे, पण ते सगळ्याच लाइनना लागू पडतं आणि म्हणूनच फारसं काही सांगत नाही. इथे विचारायचं ते असं: कोणता माल गेला? मॅनिफोल्डचा खरा आधार दूध होतं. दरीतल्या एक्टनला दुग्धालय होतं आणि दूध थेट लंडनपर्यंत जायचं. १९३२मध्ये एक्टनचं दुग्धालय बंद झालं आणि दोन वर्षांत लाइन बंद. बीचिंग अजून तीस वर्षं लांब होते. इंग्लंडातली प्रत्येक बंद लाइन बीचिंग यांच्या नावावर मांडायची सवय आहे, तिच्यापासूनही सावध राहा. दुधाचं गणित समजायचं तर लंडनचा दूधबाजार आणि दूध कंपन्या बघायला लागतात. त्यांचे कागद स्टॅफर्डला कसे असतील?

एक्टनचा आणखी एक सापळा आहे. तिथे तांब्याची जुनी खाण आहे. आज त्या दरीतून चालताना एका बाजूला खाण आणि शेजारी रेल्वेचा मार्ग दिसतो. मन लगेच जोडून टाकतं की खाणीसाठी रेल्वे आली असणार. खाणीचा सुवर्णकाळ अठराव्या शतकातला, रेल्वे विसाव्या शतकातली. वारसास्थळांवर हे फार होतं. जागेने शेजारी असलेल्या गोष्टी काळानेही शेजारी आहेत असं वाटतं. तुमच्या गावातल्या जुन्या जिनिंग फॅक्टरीबद्दल आणि रेल्वे सायडिंगबद्दल लिहिताना दोन्हींची सालं आधी समोरासमोर ठेवा.

आता वारशाबद्दल बोलू, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे.

मॅनिफोल्ड लाइन बंद झाल्यावर इंजिनं भंगारात गेली. पण मार्ग काउंटी कौन्सिलकडे आला आणि १९३७मध्ये तो चालण्यासाठी खुला झाला. आज तिथे डांबरी पायवाट आहे, सायकली जातात, ह्यूम एंडच्या स्टेशनवर माहिती केंद्र आहे. उत्तम. दुसरीकडे बार्शी लाइट १९०६मध्ये पंढरपूरला पोचली, १९११मध्ये लातूरला, १९२७मध्ये मिरजेला. दोनशे मैलांच्या वर जाळं. कंपनी १९५४मध्ये सरकारने घेतली, आणि नॅरोगेज या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ब्रॉडगेज होईपर्यंत चालत राहिली. कापूस, धान्य, आषाढी-कार्तिकीचे वारकरी, सगळं तिने शंभर वर्षं वाहिलं. तिच्यावर पुस्तकं किती? आणि सव्वाआठ मैल, तीस वर्षांच्या लाइनवर?

विज्ञानातल्या लोकांना ही अडचण ओळखीची वाटेल. आपल्यापर्यंत पोचलेला नमुना मुळातच गाळून आलेला असतो. फक्त इथली गाळणी उलटी चालते. मॅनिफोल्ड लवकर मेली म्हणून ती ‘वारसा’ झाली. मार्ग मोकळा राहिला, त्यावर लोक फिरायला गेले, फिरणाऱ्यांनी पुस्तकं घेतली. बार्शी लाइट उपयोगी पडत राहिली, म्हणून तिच्यावरच नवा रूळ पडला आणि जुनं पुसलं गेलं. १९५१मध्ये वेल्समधली टॅलिलिन ही लाइन स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, तेव्हापासून ब्रिटनमध्ये जपलेल्या रेल्वेची मोठी चळवळ आहे, तीही बहुतेक अशाच लाइनवर, ज्यांची रोजच्या वाहतुकीला गरज उरली नव्हती. म्हणजे वारसा-साहित्याचा आकार बघून तुम्ही एखाद्या रेल्वेचं महत्त्व ठरवलंत, तर नेमकं चुकीचं उत्तर येण्याची शक्यता जास्त. ‘लिटरेचर रिव्ह्यू’मध्ये पानं भरायची म्हणून जिथे पुस्तकं जास्त तिथे विषय न्यायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. इथे ते महागात पडेल.

मग हद्द सोडूनच द्यायची का? नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांचा ‘रेलरोड्स ऑफ द राज’ हा शोधनिबंध (२०१८) याच्या उलट टोकाचा आहे आणि तो जरूर वाचा. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जिल्ह्यांची आकडेवारी घेऊन ते विचारतात की जिल्ह्यात रेल्वे आल्यावर काय बदललं. यात दोन युक्त्या फार देखण्या आहेत. पहिली मिठाची. मीठ ठरावीक ठिकाणीच पिकायचं, त्यामुळे मिठागरातला भाव आणि दूरच्या बाजारातला भाव यांतला फरक म्हणजे जवळजवळ निव्वळ वाहतुकीचा खर्च. दुसरी, ज्या लाइनची योजना झाली पण ज्या बांधल्याच गेल्या नाहीत, त्यांना कंट्रोल म्हणून वापरणं. न बांधलेल्या लाइनच्या जिल्ह्यांतही उत्पन्न वाढलेलं दिसलं असतं, तर श्रेय रेल्वेला देता आलं नसतं. तसं दिसत नाही. रेल्वे आलेल्या जिल्ह्यात शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं, असं त्यांचं अनुमान आहे.

इथे जिल्हा ही मोजमापाची एकक आहे, गोष्टीची चौकट नाही. हा फरक मोठा आहे. मोजण्यासाठी हद्द लागतेच. पण रेल्वेचं कारण त्या हद्दीच्या आत असलं पाहिजे, असं डोनाल्डसन धरत नाहीत. शेजारच्या जिल्ह्यांशी होणारा व्यापार त्यांच्या मॉडेलच्या मध्यभागी आहे. माझी कुरकुर एवढीच की, देशाच्या पातळीवरच्या सरासरीत सगळ्या रेल्वे सारख्या दिसू लागतात. कापसाच्या पेठेसाठी बांधलेली लाइन आणि लष्करासाठी बांधलेली लाइन यांत फरक असतो, आणि तो दाखवायला आसावरचा भार आणि गेज माहीत असलेला हौशी माणूसच लागतो. तेव्हा या दोन्ही पंथांनी एकमेकांना नावं ठेवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे. समजा तुम्ही ‘सोलापूर जिल्हा आणि बार्शी लाइट’ असा विषय घेतलात. पहिल्याच दिवशी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर खंड उघडाल. तो १८८४चा, लाइन १८९७ची. म्हणजे त्यात तुम्हाला रेल्वेआधीची बार्शी मिळेल. ते मौल्यवान आहे, पण ‘आधी’ म्हणूनच. नंतरचे कागद विखुरलेले असणार. कंपनी लंडनची, म्हणून ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी. मुंबई सरकारचा पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य अभिलेखागारात. बार्शीच्या पूर्वेला गेलं की निजामाची हद्द. धाराशिव-लातूरचा भाग हैदराबाद राज्यात, म्हणून हैदराबादचं अभिलेखागार. मिरजेकडे संस्थानं. ‘सोलापूर जिल्हा’ असं शीर्षक घातलंत की यातले निम्मे दरवाजे तुम्ही स्वतःच बंद केले. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात रंजक असू शकतं, तो नेमका त्यांच्या मागे आहे: १९११मध्ये लाइन लातूरला पोचली, तेव्हा बार्शीची पेठ वाढली की लातूरने तिचा माल खाल्ला?

हे मिठाच्या युक्तीसारखं भावांवरून तपासता येईल का? येईल, पण काम किचकट आहे. हद्दीवर निजामाचं स्वतःचं जकात खातं होतं, करोडगिरी नावाचं. त्यामुळे लातूर आणि बार्शी यांच्या भावातला फरक म्हणजे नुसतं गाडीभाडं नव्हे, त्यात जकातही आली. ती वेगळी काढावी लागेल. शिवाय हैदराबादचा हाली शिक्का वेगळा आणि इंग्रजी कलदार रुपया वेगळा. दोन्हींचा दर कायम एकच नसायचा. तेव्हा भावांचं कोष्टक करायला बसण्याआधी त्या-त्या वर्षीचा हाली-कलदार बट्टा शोधायला लागा, आणि लातूरचा मण व बार्शीचा मण किती शेरांचा होता, तेही बघून घ्या.